चौदा नंबरचा रिकामा गाळा

आमच्या गावच्या राटहाउसने, म्हणजे नगरपालिकेने, मला फसवलं. घरमालकाने नाही आणि करोनाच्या साथीनेही नाही. साथीने माझं गिऱ्हाईक नेलं, पण ते हळूहळू परत येत होतं. राटहाउसने माझं दुकान नेलं, आणि तेही माझ्याच हातून चिठ्ठी लिहवून घेऊन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात वगैरे ऐकवायला नको. दुसरी बाजू मी ऐकलेली आहे. दोन वर्षं होत आली, तीच ऐकते आहे.

जर्मनीतल्या नेकारसुल्मपासून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव. माझा नवरा नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात रंगकाम खात्यात आहे, म्हणून आम्ही या भागात आलो. गावात मुख्य रस्ता एकच. त्याच्या एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला राटहाउस, आणि मध्ये चौदा नंबरच्या इमारतीत तळमजल्यावर माझं कपडे दुरुस्तीचं दुकान. बारा वर्षं होतं. पँटची उंची कमी करणं, जॅकेटची चेन बदलणं, पडद्यांना टीप घालणं, लग्नाचे गाऊन कमरेत घेणं. मोठं काम नव्हे. पण या गावातला असा एक नगरसेवक नाही, ज्याची पँट मी गुडघ्यावर बसून टाचण्यांनी मोजलेली नाही.

हे दुकान मला कुणी दिलं नव्हतं. सोलापुरात आई फॉल-पिकोची कामं घ्यायची, त्यातून हात बसला होता, एवढंच भांडवल. इथे आल्यावर पहिली तीन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवत होते. मशीन आठवडी जुन्या बाजारातून आणलं. विकणारी बाई किंमत सोडायला तयार नव्हती. मी आमच्याकडे करतात तेच केलं, मशीन खाली ठेवलं, नमस्कार केला आणि चालू लागले. तिसऱ्या टेबलापाशी पोचते न पोचते तोच तिने हाक मारली. नवरा म्हणाला, "जर्मनीतसुद्धा?" मी म्हटलं, "अहो, विकायचं असेल तर माणूस कुठेही हाक मारतो." पुढे दुकानाचं भाडं, ओव्हरलॉकचं मशीन, पाटीवाल्याचं बिल, सगळं मी असंच ठरवलं. उठून चालू लागायचं. आतापर्यंत कुणी ना कुणी हाक मारत आलं होतं.

मग साथ आली. दुकान बंद, मग उघडं, मग फक्त दारातून कपडे घ्यायचे. पहिल्या वसंतात मी मास्क शिवले, वृद्धाश्रमाला तर नुसत्या कापडाच्या किमतीत दिले. पण लग्नं थांबली, ऑफिसं घरी गेली, आणि घरी बसलेल्या माणसाला पँटची उंची किती आहे याची फिकीर नसते. समोरचं चपलांचं दुकान बंद झालं. खेळण्यांचं दुकान बंद झालं. मी टिकले. घरमालक माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचे, सत्तरी ओलांडलेले, एकटे. त्यांनी दोन हप्ते पुढे ढकलू दिले आणि त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. मीही ते फेडले.

साथ ओसरायला लागली तेव्हा आम्ट्सब्लाटमध्ये, म्हणजे राटहाउस दर आठवड्याला घरोघरी टाकतं त्या पत्रकात, एक बातमी आली. साथीने ओस पडलेल्या बाजारपेठा सावरायला केंद्र सरकारने पैसा दिला आहे, आणि आमच्या गावालाही त्यातला वाटा मंजूर झाला आहे. राटहाउस मुख्य रस्त्यावरचे रिकामे गाळे स्वतः भाड्याने घेणार आणि नव्या लोकांना पाचव्या हिश्श्याच्या भाड्यात देणार, दोन वर्षं. मी ती बातमी दोनदा वाचली. ज्यांनी कुलपं लावली त्यांच्या जागा भरायला पैसा होता. जिने कुलूप लावलं नाही, तिच्यासाठी त्या कागदावर एक ओळ नव्हती.

मी राटहाउसला फोन केला आणि जरा मोठ्या आवाजातच बोलले. व्यापार-विकास खात्यातला एक अधिकारी होता, चाळिशीचा, मऊ बोलणारा. त्याने ऐकून घेतलं. नंतर, घड्याळं एक तास मागे केली त्या आठवड्यात, तो स्वतःच दुकानात आला. हातात कोट होता, अस्तर उसवलेला.

"हे बघा, तुमचा राग मला समजतो," तो म्हणाला. "पण नियम केंद्राचे आहेत. पैसा रिकाम्या गाळ्यावरच खर्च करता येतो. चालू दुकानाला एक सेंटही दिला तर तो आम्हाला परत करावा लागतो."

"म्हणजे मी दुकान बंद केलं असतं तर शहाणी ठरले असते."

तो हसला. "असं मी म्हणणार नाही."

"मग काय म्हणाल?"

त्याने दाराकडे पाहिलं, मग मशीनकडे. "गाळा रिकामा असला पाहिजे, ही पहिली अट. हा गाळा रिकामा झाला की या माझ्याकडे. अर्ज भरा. तुमच्यासारख्या लोकांसाठीच तर ही योजना आहे."

"माझ्यासारख्या म्हणजे?"

"गावाला हव्या असलेल्या."

मी अस्तर तिथल्या तिथे शिवून दिलं आणि पैसे नकोत म्हटलं. त्याने ऐकलं नाही. पैसे दिले, पावती मागितली, पावतीवर सही आणि शिक्का मागितला, घडी घालून पाकिटात ठेवली. सहा युरोंच्या कामाची लेखी पावती घेऊन तो गेला. माझ्याकडे मागे राहिलं ते त्याचं बोलणं.

रात्री जेवताना मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, हे त्याच्याकडून लिहून घे."

"अहो, माणूस दुकानात येऊन समोर उभा राहून सांगून गेला."

"इथे तोंडी सांगण्याला काही अर्थ नसतो. आमच्याकडे स्प्रेचं नोझल बदलायचं तरी मेल लागतो."

"तुमच्याकडे मोटारी रंगवतात. हा व्यवहार आहे. व्यवहारात आधीच कागद मागितला तर समोरचा सावध होतो."

वीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याशी व्यवहारावरून वाद घातला नव्हता, कारण तोवर मी हरले नव्हते.

आता माझ्या डोक्यात काय होतं ते लपवत नाही. मी साधीभोळी नव्हते. माझा हिशेब दुहेरी होता. मी क्युंडिगुंग देणार, म्हणजे भाडेकरार सोडत असल्याची लेखी सूचना. तीन महिन्यांची मुदत होती. त्या तीन महिन्यांत एकतर घरमालक जिना उतरून येतील, म्हणतील, अहो बाई, बारा वर्षं झाली, असं काय करता, आणि भाडं कमी करतील. नाही आले, तर गाळा रिकामा होईल आणि मी राटहाउसमार्फत त्याच दारातून पाचव्या हिश्श्यात आत येईन. घरमालकांनाही राटहाउसकडून खात्रीचं भाडं. कुणाचंच नुकसान नाही. मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा आहे.

नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या सोमवारी मी सूचना लिहिली. मुलीने भाषा तपासून दिली. ती शेवटच्या इयत्तेत होती, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "पण तुला खरंच सोडायचं आहे का?" मी म्हटलं, "नाही गं, म्हणून तर लिहिते आहे." तिला ते कळलं नाही. इथे वाढलेल्या मुलीला ते कळणार कसं?

मी पत्र घरमालकांच्या टपालपेटीत टाकलं आणि दुकानात येऊन बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारायचे. दोन दिवसांनी माझ्याच पेटीत उत्तर पडलं. स्वच्छ टाईप केलेलं. आपली सूचना मिळाली, कराराप्रमाणे ती अमुक तारखेपासून लागू होईल, किल्ल्या त्या दिवशी दुपारी बारापर्यंत द्याव्यात, बारा वर्षांच्या चांगल्या संबंधांबद्दल आभार. सोबत हिमाच्छादित देवदारांचं एक कार्ड. त्यात त्यांच्या थरथरत्या अक्षरात, तुम्ही थकला असाल, हे मी समजू शकतो, एवढं एक वाक्य.

मी वर गेले नाही. हे माझं चुकलं. वर जाऊन सांगायला हवं होतं की मी थकलेली नाही, मी भाव करते आहे. पण मागे वळून सौदा मोडायचा नसतो, हे मी तीस वर्षं पाळत आले होते. शिवाय राटहाउसवाल्याचा शब्द होता. ते दुसरं दार उघडं आहे असं मी धरून चालले.

किल्ल्या दिल्या. मशीनं आमच्या इमारतीच्या तळघरातल्या खोलीत उतरवली. पाटी काढताना भिंतीवर फिकट चौकोन राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज घेऊन राटहाउसमध्ये गेले. त्याच अधिकाऱ्याने अर्ज घेतला, हसून घेतला. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. आपला अर्ज योजनेच्या निकषांत बसत नाही.

मी मुलीला घेऊन त्याच्या खोलीत गेले, म्हणजे कुणी भाषेचं निमित्त करायला नको. त्याने टेबलावर नियमांचं पुस्तक ठेवलं, पान उघडून ठेवलेलंच होतं.

"गाळ्याचा आधीचा भाडेकरू त्याच गाळ्यासाठी पात्र नाही," तो म्हणाला. "नाहीतर काय होईल? सगळेच दुकान सोडतील आणि स्वस्तात परत येतील. केंद्राने हे मुद्दाम घातलं आहे."

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

"माझ्या दुकानात आलात तेव्हा होतं?"

"होतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

त्याने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

त्यानंतर मी जे मराठीत बोलले ते इथे लिहीत नाही. टेबलावर हात आपटला एवढं कबूल करते. शेजारच्या खोलीतून दोघंजण आले आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. जिना उतरताना मुलगी रडत होती. माझी लाज वाटून की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

वकिलाने अर्ध्या तासात सांगितलं, लेखी काही आहे का? नाही? मग काही नाही.

चौदा नंबरमध्ये दोन तरुण मुली आल्या. लाकडी ट्रे, मेणबत्त्या, हाताने रंगवलेल्या कुंड्या. मुली वाईट नव्हत्या. एकदा मी काचेतून बघत उभी होते तर एकीने दार उघडून विचारलं, "आत येता का?" मी मान हलवली. काचेवर केंद्र सरकारचा गरुड असलेली पाटी होती, पैसा कुठून आला ते लोकांना दिसलं पाहिजे असाही नियम आहे. माझी गिऱ्हाइकं कपडे घेऊन तिथे जायची आणि परत फिरायची. मी तळघरातच शिवायला बसले होते, काही ते शोधत माझ्याकडे आली. बरीचशी शेजारच्या गावात गेली. गुडघ्याचा त्रास असलेली एक म्हातारी पहिल्या पायरीवरून खाली बघून म्हणाली, "इथे मी कशी उतरू?" आणि पिशवी घेऊन निघून गेली. मला तिला अडवता आलं नाही.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच मेणबत्त्या गेल्या. अनुदान संपत आलं तसा माल संपत आला. गाळा पुन्हा रिकामा.

त्याच सुमारास नवरा म्हणाला, "एक काम कर. ओरडणं बंद कर आणि वाच." ते कारखान्यात कामगार समितीत आहेत, त्यांना ठाऊक होतं की नगरसभेच्या खुल्या सभांचा वृत्तांत कोणत्याही रहिवाशाला राटहाउसमध्ये बसून वाचता येतो. कारण विचारत नाहीत. मी दोन दिवस सकाळी जाऊन बसले. प्रत घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून वहीत मराठीत उतरवत गेले. आधी सभेच्या कागदांना जोडलेला केंद्राचा मंजुरीचा कागद. त्यात माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा नीट दिसलं की हा पैसा कसा बांधलेला आहे. मुख्य रस्त्यावरचे किमान तीन गाळे घेतले तरच गावाला निधी. ठरल्या मुदतीत खर्च झाला नाही तर सगळा परत. आणि आमच्या मुख्य रस्त्यावर रिकामे गाळे होते दोन. चपलांचं आणि खेळण्यांचं. तिसरा होता, पण तो मधल्या काळात एका न्हाव्याने घेतला होता.

मग मी सभेचा वृत्तांत उघडला. शरद ऋतूतल्या शाळेच्या सुट्टीआधीची सभा. एका सदस्याने विचारलं आहे, तिसऱ्या गाळ्याचं काय, नाहीतर निधी जाईल. व्यापार-विकास खात्याचं उत्तर एका वाक्यात नोंदलं आहे. चौदा नंबरचा गाळा वसंतापर्यंत उपलब्ध होईल.

मी पेन खाली ठेवलं. ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या सुट्टीआधी मी चौदा नंबरमध्ये बसून शाळेच्या नाटकाचे अंगरखे शिवत होते. दुकान सोडायचा विचारही माझ्या मनात नव्हता. तो कोट घेऊन आला त्याच्या तीन आठवडे आधी, आणि मी सूचना लिहिली त्याच्या दोन महिने आधी, नगरसभेत माझं दुकान रिकामं झालं होतं.

म्हणजे तो माझा राग समजून घ्यायला आला नव्हता. त्याला तिसरा गाळा हवा होता. मी भाव करत होते आणि समजत होते की समोरचाही भाव करतो आहे. त्याचा सौदा आधीच झालेला होता.

वही घेऊन मी घरमालकांकडे गेले. त्यांची दृष्टी कमी झाली आहे, मीच वाचून दाखवलं, एकेक वाक्य जर्मनमध्ये करून.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं. "त्या सभेच्या आधी?"

"नाही. तुमचं पत्र आल्यावर त्यांचा फोन आला. मी तेव्हा म्हटलंही, त्या बाईंनाच द्या ना. ते म्हणाले, चालत नाही."

"तुम्ही खाली का नाही आलात हो? माझं पत्र मिळालं तेव्हा?"

त्यांना प्रश्न समजला नाही. "तुम्ही लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "मी आग्रह केला असता तर तुमचा अपमान झाला असता."

मी हसले असते, पण हसू आलं नाही. निघताना ते म्हणाले, गाळा रिकामा आहे, जुन्याच भाड्यात या, उन्हाळ्यापर्यंत मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

घरी नवरा म्हणतो, "घेऊन टाक आणि संपव." मुलगी आता दुसऱ्या शहरात शिकते, ती फोनवर तेच जर्मनमध्ये म्हणते. त्यांचं चुकत नाही. तळघरात दिवे लावूनच शिवावं लागतं, काळ्या कापडावर काळा टाका दिसत नाही, आणि मला ती खिडकी हवी आहे. पण त्या खिडकीत बसले की रोज तो समोरून राटहाउसला जाणार, मान लववून अभिवादन करणार, आणि मीही करायचं. ते मला आत्ता जमणार नाही. आधी उत्तर, मग किल्ली.

केंद्राच्या नियमांवर माझा राग नाही. ज्याने ते लिहिले त्याने माझ्यासारखे सौदेबाज ओळखून लिहिले, त्याबद्दल मी त्याला मानते. सोडून परत येणाऱ्याला बंदी, हे बरोबरच आहे. पण चालतं दुकान रिकामं करवून तो गाळा रिकामा म्हणून दाखवायचा, हे कोणत्या पानावर लिहिलं आहे? मी सगळी पानं वाचली आहेत. नाही.

नगरसभेच्या पुढच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं मिळतात. मी नाव दिलं आहे. प्रश्न लेखी द्यावा लागतो, तो दिला आहे, आणि या वेळी पोच घेतली आहे, सही आणि शिक्क्यासह. नुकसानभरपाई मागितलेली नाही. माफीही नाही. मी एवढंच विचारलं आहे: मी आत बसून शिवत असताना माझं दुकान वसंतापर्यंत रिकामं होईल, असं नगरसभेला कुणी सांगितलं, कशाच्या आधारावर सांगितलं, आणि ते ऐकून, मला ओळखणाऱ्या, माझ्या समोर टाचण्यांसाठी उभं राहिलेल्या त्या सगळ्या माणसांपैकी एकालाही मला येऊन विचारावंसं का वाटलं नाही. खात्याने लेखी कळवू असं म्हणू नये. ज्याने ते वाक्य उच्चारलं त्याने त्या सभागृहात माझ्यासमोर उभं राहावं आणि स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावं.